बोलण्याचं पथ्य

त्या वर्गाचा फळा अजून तोच आहे. भिंतीतच सिमेंटनं केलेला, वर काळा रंग दिलेला, डावीकडे खाली टवका उडालेला. आता त्याच्या अर्ध्या भागावर मोठा टीव्ही बसवलाय, त्यामुळे उरलेला फळा दाराआडून कुणीतरी डोकावावं तसा दिसतो. बी.एड.च्या सरावपाठांसाठी मला जामबागेतली माझीच जुनी शाळा मिळाली. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि मुलांकडे बघायच्या आधी त्या टवक्याकडे बघितलं. बोट लावून पाहावंसं वाटलं. पण मागच्या बाकावर वर्गाच्या मॅडम माझा पाठ बघायला बसल्या होत्या, म्हणून लावलं नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. त्यामुळे कुठं काय बोलावं, कुठं गप्प बसावं, याचा अंदाज मला पटकन येत नाही. हे लिहितानाही येत नाहीये. तरी त्या फळ्यावर एकदा काय लिहिलं गेलं होतं, ते सांगायचं आहे.

तेव्हा शाळा म्हणजे आधी वास. रस्त्यावर हारवाल्यांची दुकानं होती. सकाळी सकाळी झेंडूच्या ओल्या पोत्यांचा वास यायचा, शाळेच्या जिन्यात तो संपायचा आणि फळा पुसायच्या ओल्या फडक्याचा सुरू व्हायचा. दुपारी डबे उघडले की लोणच्याचा, चिंचेचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या करपलेल्या लसणाचा. या सगळ्यांत माझा स्वतःचा एक वास होता, कांद्याचा. बाबा मलकपेठच्या गंजातून, म्हणजे घाऊक बाजारातून, माल वाहायची ट्रॉली चालवायचे. तीन चाकांवर, मागं मोकळा पाळणा असतो ना, तो ऑटो. मला शाळेत सोडताना मागं कांद्याचे बोरे म्हणजे पोती असायची आणि पुढं बाबांच्या शेजारी मी. उतरताना रोज एकच वाक्य, "हल्लू उतर माय, हल्लू." हल्लू म्हणजे सावकाश. हे मराठी नाही, हे मला फार उशिरा कळलं.

गंजात मिरची उतरली त्या दिवशी बाबांचा शर्ट घरात यायचा नाही. आई तो बाहेरच्या तारेवर टाकायची, तरी नल्लकुंट्यातल्या आमच्या एका खोलीत आम्ही तिघं आळीपाळीनं शिंकत बसायचो. आणि शिंका थांबल्या की बाबा सुरू व्हायचे.

"आज लई तमाशा झाला माय गंजात. एक बोरा, दोन शेट. एक म्हणतो मेरा, दुसरा म्हणतो नाकु इव्वु, मला दे."

"मग कुणाला मिळाला?"

"कुणाला बी नाही! तेवढ्यात गाय आली."

नांदेडकडच्या गावातून या तेलुगू मुलखात घेऊन आलेली मराठी, गंजातली दखनी, मालकाची तेलुगू. बाबा तिन्ही एकाच घासात कालवायचे. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "अय्यो, पुरे करा. पोरीचं जेवण थंड झालं." पण लाटणं थांबवून ऐकायचीही तीच.

मला वाचता यायचं नाही. हे वाक्य आजही लिहून झालं की मी मागं वळून बघते, कुणी वाचतंय का. अक्षरं मला ओळखू यायची. एकेक सुटं दाखवलं तर सगळी सांगायची. पण पान उघडलं की ओळी एकमेकींच्या अंगावर यायच्या, वरच्या ओळीतला काना खालच्या ओळीत उतरायचा, आणि तिथं कुठं काय धरावं ते समजायचं नाही. वर्गात एका सुरात वाचन चालायचं तेव्हा मी सुखी असायचे. सगळा वर्ग धडा म्हणायचा आणि मी त्या आवाजाच्या मागं अर्धा श्वास ठेवून चालायचे. पाठ तर माझं सगळ्यांत लवकर व्हायचं. एकटीनं उभं राहून वाचायची पाळी आली की मात्र मी पानावर नुसतं बोट फिरवत राहायचे.

आमच्या तेव्हाच्या सरांनी बाबांना पालकसभेत बोलावलं. सर रागीट नव्हते. त्यांनी बाबांशी दोनच मिनिटं बोलून ठरवलं, "घरी अशीच भेसळ बोलता का? मग मुलीला पुस्तकातली भाषा परकीच वाटणार. घरी शुद्ध मराठी बोला. सहा महिने हिंदी-तेलुगू बंद."

सरांना ते खरंच तसं वाटलं असेल. आमच्या लोकांनाही वाटायचं. मूल शाळेत मागं पडलं की शेजारीपाजारी हेच म्हणायचे, बोली बिघडलीय. बाबांनी ते डॉक्टरनं सांगितलेल्या पथ्यासारखं घेतलं. त्याच संध्याकाळी हातपाय धुऊन, मांडी घालून, ते आईला म्हणाले, "आजपासून घरात पथ्य. पोरीसाठी."

सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. आईनं चिंचेचा भात केला होता.

"पुलिहोऱ्याला शुद्ध काय म्हणायचं हो?"

बाबांनी विचार केला. "आंबट भात."

"असं म्हटल्यावर कोण खाईल?"

खट्टी दाल आंबट वरण झाली. 'नक्को'चं 'नको' झालं, आणि ते म्हणताना बाबांची मान उगीच ताठ व्हायची. गंजाला काय म्हणायचं यावर एक अख्खं जेवण गेलं. बाबा रोज सुरू करायचे, "आज बाजारात..." आणि थांबायचे. बाजारात जे झालेलं असायचं ते शुद्ध भाषेत झालेलं नसायचं. शेट शुद्ध बोलले नव्हते, गाय शुद्ध पळाली नव्हती. बाबा शब्द शोधायचे, हात हवेत धरायचे आणि मग म्हणायचे, "काही नाही. जेवा."

हळूहळू ते सुरूही करेनासे झाले. आमच्या खोलीत मग स्टोचा आवाज मोठा झाला. ताटावर वाटी ठेवली तरी दचकायला व्हायचं. मिरचीच्या दिवशी शिंका यायच्या, पण शिंकांनंतर काही यायचं नाही. माझ्या डोळ्यांपुढं ओळी तशाच एकमेकींवर चढत होत्या. मला एवढं कळत होतं की माझ्यामुळं बाबा गप्प झालेत.

आणि तरी मला वाचता येईना, तेव्हा ठरलं की दिवाळीनंतर मला गावी आत्याकडे ठेवायचं. "तिथं सगळे मराठीच बोलतात," बाबा म्हणाले. आई भिंतीकडे तोंड करून डाळ निवडत होती. तिनं एकच विचारलं, "आणि रात्री ती कुणाजवळ झोपल?" बाबा उठून बाहेरच्या तारेवरचा शर्ट झटकायला गेले.

त्याच पावसाळ्यात सरांची दुसऱ्या शाखेत बदली झाली आणि आमच्या वर्गावर उदगीरकर बाई आल्या. ठेंगण्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. बाईंच्या वर्गाला शिस्त नव्हती असं काही जण म्हणायचे. मला ती दिसायची, फक्त ती प्रत्येकाला वेगळी होती. एक मुलगा बोलताना अडखळायचा, त्याला त्या पाढे टेबलावर ठेका धरून म्हणायला लावायच्या आणि तो न अडता सुसाट सुटायचा. एका मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, तिचा बाक त्यांनी खिडकीपासून काढून भिंतीशी नेला आणि स्वतः तिच्या उजवीकडून चालायला लागल्या. एकाला बसवत नसे, तर दर धड्यानंतर व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालायचं काम त्याचं. हे सगळं त्या काही न सांगता करायच्या, आई ताटं वाढताना कुणाला किती भात ते विचारत नाही तसं.

एक दिवस सगळा वर्ग एका सुरात वाचत होता. बाई बाकांमधून फिरत फिरत माझ्याजवळ येऊन थांबल्या. मी जोरात म्हणत होते, एकही शब्द चुकत नव्हता. पण माझ्यासमोर उघडलेला धडा तो नव्हताच, दुसराच होता. बाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढं गेल्या. पान उलटून दिलं नाही. त्यांनी तेव्हा पान उलटून दिलं असतं तर शेजारच्या मुलीनं पाहिलं असतं, एवढं मला आज कळतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवलं. स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. मला वाटलं, आता विचारतील, का वाचत नाहीस. त्यांनी विचारलं, "पान उघडलं की काय दिसतं गं तुला?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तोंडातला घास गिळला.

"ओळी अंगावर येतात."

"गर्दी होते?"

"हौ."

म्हटलं आणि जीभ चावली. "होय. होय, बाई."

"हौ म्हण की. मला हौ कळतं."

त्यांच्या पिशवीत जुन्या लग्नपत्रिका असायच्या. चित्रं कापायला, खुणा घालायला त्या जपून ठेवत. त्यातली एक जाड पत्रिका त्यांनी काढली आणि ब्लेडनं तिच्या मधोमध एक लांबट फट कापली, एका ओळीएवढी. ती पानावर ठेवली. बाकी सगळं पान झाकलं गेलं. फटीत एकच ओळ राहिली, एकटी. ती हलली नाही असं नाही, पण कुणाच्या अंगावर गेली नाही. मी बोट ठेवून शब्द जोडायला लागले. पत्रिकेच्या कोपऱ्याला हळद लागलेली होती, तिचा वास येत होता. अर्धी ओळ झाली तेव्हा सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मला पहिल्यांदा घंटेचा राग आला.

"घरी कोण वाचून घेतं? बाबा गोष्टी सांगतात का?"

"आता नाही सांगत. पथ्य आहे."

मी गंजातल्या गोष्टींपासून सगळं सांगितलं, तरी बाईंना ते समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. "उद्या बाबांना वर पाठव," एवढंच म्हणाल्या.

बाबा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. वर्ग सुटला होता. दारातच हात जोडून, रस्ताभर घोकलेलं वाक्य त्यांनी म्हटलं, "नमस्कार. आम्ही घरी पथ्य कटाक्षाने पाळत आहोत." 'कटाक्षाने' कुणाकडून मिळवलं होतं देव जाणे.

"बसा ना भाऊ," बाई म्हणाल्या. "पोरीची बोली बिघडलेली नाही. तिला ओळींची गर्दी होते. ते माझं काम आहे, मी बघते. हळूहळू होईल, वेळ लागेल. तुम्ही मला एक सांगा, काल गंजात काय झालं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाजारात..."

"गंजात."

"काही विशेष घडले नाही."

बाई खडू हातात घेऊन नुसत्या उभ्या राहिल्या. बाहेर कुणीतरी पाण्याची टाकी भरत होतं, तिचा आवाज येत होता. बाबांची बोटं शर्टाचं खालचं बटण शोधत होती. मग एकदम, धरण फुटावं तसं नाही, कांद्याचं पोतं उसवावं तसं, एक एक करत सुरू झालं. "काल... रेसकोर्सच्या दीवारपाशी बोरा फुटला, बाई. रोडभर कांदेच कांदे. मागं गाड्या, पों पों पों. मी एकटा वेचतो, लोक हसतात. तर तो सिग्नलवाला पुलिस आला. मला वाटलं आता मारतो. तर तोच बसला ना खाली, वेचायला! आन् लोकाला म्हणतो..."

"काय म्हणतो?"

"कैकू हसता? तुम्ही बी वेचा!"

बाई फळ्यावर लिहीत होत्या. बाबा जे बोलले ते, जसं बोलले तसं, काहीही न बदलता. बोरा, रोडभर, आन्, कैकू. खालच्या डाव्या कोपऱ्यात टवक्यापाशी जागा संपली तेव्हा त्या थांबल्या. मग दोन्ही तळहात फळ्यावर आडवे ठेवून त्यांनी मधे एक ओळ मोकळी सोडली. लग्नपत्रिकेऐवजी हातांची फट.

"ये. वाच."

मी वाचलं. बोट लावून, थांबत, मागं जात. बाईंचे हात एक ओळ खाली सरकायचे आणि मी पुढची वाचायची. पुढचा शब्द काय असणार ते मला अर्धं आधीच ऐकू येत होतं, कारण आवाज बाबांचा होता. "कैकू हसता, तुम्ही बी वेचा" म्हणेपर्यंत माझा आवाज मोठा झाला होता. बाबा फळ्याकडे बघत होते. त्यांचं बोलणं असं कुठं लिहिलं जाऊ शकतं हे त्यांनाही नवीन होतं. त्यांनी विचारलं, "बाई, हे पुसायचं का?" बाई म्हणाल्या, "उद्या. आज राहू द्या."

खाली ट्रॉलीत बसल्यावर बाबांनी इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "आत्याला फोन करावा लागल, नक्को म्हणून." आणि 'नक्को' म्हणताना त्यांची मान ताठ झाली नाही.

बाई पुढं निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेल्या. पत्रिकेच्या कडा झिजल्या की मी नवीन कापते. बी.ए.ची सगळी पुस्तकं मी अशाच फटींतून वाचली, हळूहळू, इतरांपेक्षा दुप्पट वेळ घेऊन. हळद मात्र आताच्या पत्रिकांना लागत नाही.

आता शाळा इंग्रजी माध्यमाची झाली आहे, मराठी एक विषय म्हणून उरली आहे. माझ्या वर्गात श्रावणी नावाची एक मुलगी आहे. एका सुरात वाचन चाललं की ती अर्धा श्वास मागं असते. बाकांमधून फिरताना मला ते तिच्या पाठीवरून ओळखू आलं. मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, "ती स्लो आहे. आईवडिलांना सांगितलंय, घरी फक्त इंग्लिश बोला." मॅडम वाईट नाहीत. पन्नासेक मुलांच्या वह्या तपासून त्यांच्या मनगटाला पट्टा बांधलेला असतो.

एके सकाळी घंटेच्या आधी मी श्रावणीला जवळ बसवलं. मला वाटलं होतं, मला सगळं माहीत आहे. मी माझी पत्रिका तिच्या इंग्रजीच्या पुस्तकावर ठेवली आणि विचारलं, "काय दिसतं?"

तिनं फटीतून पाहिलं. एकेक इंग्रजी शब्द तिनं न अडखळता वाचला. मग मान हलवली. "ओळ दिसते मिस. पण ती काही बोलत नाही."

माझी पत्रिका तिच्या कामाची नव्हती. तिची अडचण माझी नव्हती, तिला शब्द वाचता येत होते, त्यांचा अर्थ लागत नव्हता. मला एकदम रिकामं वाटलं, हातात असलेलं एकच औषध भलत्याच रोग्याला दिल्यासारखं. पत्रिका पर्समध्ये ठेवताना मला आठवलं, बाईंनीही माझ्यापुढं पत्रिका ठेवायच्या आधी विचारलं होतं. आणि पत्रिकेवर त्या थांबल्या नव्हत्या.

श्रावणीला बसनं सोडून निघालेली तिची आई, स्वतःच्या पिशवीतच राहिलेला तिचा डबा घेऊन परत दारात आली होती. मला बघून घाईनं म्हणाली, "मिस, घरी आम्ही इंग्लिशच बोलतो हं. मतलब... बोलतो म्हणजे, गुड मॉर्निंग, ईट, स्लीप. बाकी गप्पच असतो. तिचे डॅडी टीव्ही लावून बसतात."

स्टोचा तो मोठा झालेला आवाज मला पुन्हा ऐकू आला. मागच्या बाकावर मॅडम वह्या लावत होत्या. सरावाला आलेल्या मुलीनं अशा वेळी बोलायचं असतं का, मला माहीत नव्हतं. माझ्या पाठाचा शेरा त्याच लिहिणार होत्या. मी खडू उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"ताई, आज बसमध्ये काय झालं?"

"बसमध्ये?" ती गोंधळली. मग श्रावणीकडे बघून तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "आम्ही दोघी हसलो, मिस. बोललो नाही. आम्हाला इंग्लिशमध्ये नाही आलं ते."

"मराठीत सांगा. जसं घरी सांगितलं असतं तसं."

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी वह्यांवरून मान वर केली होती. त्या नको म्हणत नाहीत असं बघून ती हळू आवाजात सुरू झाली. "एका मावशीच्या थैलीत कोंबडीचं पिल्लू होतं. कुणालाच ठाऊक नाही. कंडक्टर आला तसं त्यानं डोकं भायेर काढलं. ते पिल्लानं. तर कंडक्टर म्हणतो, दीनिकी टिकेट एवरू तीसुकुंटारू? ह्याचं तिकीट कोन घेनार? तर मावशी म्हणते, ते शाळेत जातंय बाबा, त्याला पास हाय!"

टीव्हीच्या शेजारी उरलेल्या फळ्यावर मी लिहीत होते. भायेर, कोन, हाय, सगळं. टवक्यापाशी जागा संपली. श्रावणी बाकावरून उठून फळ्याजवळ आली, कुणी बोलावलं नसताना. पहिला शब्द, दुसरा शब्द, मग 'त्याला पास हाय' ती इतक्या जोरात वाचून हसली की तिची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. किती दिवसांनी अशी बोलून हसत होती कोण जाणे.

"आई, मावशी काय म्हणाली? फिरून सांग ना."

मॅडम माझ्याजवळ आल्या. फळा वाचला. हसू त्यांनी लपवलं, पण नीट लपलं नाही. "आणि इंग्लिशचं काय करायचं मग?"

मी खडू खाली ठेवला. "ते आपण शिकवू, मॅडम. शाळेत. याच गोष्टीवरून. घरी त्यांना बोलू द्या."

त्यांनी मनगटाचा पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. श्रावणीच्या आईला म्हणाल्या, "घरी बोला तुमचं तुम्ही. बघू." आणि मला, "उद्या घंटेच्या आधी ये. मीही येते. आणि हे पुसू नको आज."

संध्याकाळी बाबा ट्रॉली घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे होते. मागं कांद्याचे बोरे, पुढं माझी जागा. केस पिकलेत, आवाज तोच आहे. मी चढले तसं ते म्हणाले, "हल्लू बस. बोल, काय तमाशा झाला शाळेत आज?"

मी सांगायला लागले. पिल्लाचं डोकं, कंडक्टर, मावशी. चादरघाटचा पूल आला तोवर बाबा हसून हसून डोळे पुसत होते. सिग्नल लाल झाला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडे पूर्ण वळून बसले.

"थांब माय. फिरून सांग. ती मावशी काय बोलली?"